दाजींनी जोडलेली तार

आमचे दाजी शिंपी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या हातची पँट इतकी टिकायची की घालणारा आधी झिजायचा. एका गिऱ्हाइकाची पँट पुढे त्याच्या मुलानं वापरली, मग नातवानं. तो नातू परवा दुकानात येऊन दाजींशी भांडला, "ही कधी फाटणार ते सांगा, मला नवीन फॅशन करायचीय." यात मी पदरचं फारसं घातलेलं नाही.

शिलाई मशीनचं पोट उघडून तेलपाणी करता करता काही माणसांना वाटू लागतं की जगातली सगळी यंत्रं आतून सारखीच असतात. दाजी त्यातले. घरातला पंखा त्यांनी एवढा सुधारला की तो खालची हवा वर ओढायचा आणि छताला गार ठेवायचा. ताई बिचारी खुर्चीवर चढून वारा घ्यायची. पण त्यांचा खरा जीव होता गाडीवर. गाडी दाजींहून जेमतेम धाकटी. चढ लागला की ती आधी थांबून विचार करायची. एकदा पुलाच्या चढावर आम्हाला एका गोगलगाईनं मागे टाकलं, आणि टाकताना तिनं वळून पाहिलं. मी मागच्या सीटवर होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"इंजिनात दोष नाही," दाजी म्हणायचे. "त्याला पेट्रोल वेळेवर पोचत नाही. उपाशी माणूस चढ चढेल का?"

मग त्यांनी उपाशी इंजिनाला जेवू घालायचं ठरवलं. इंजिनाच्या धक्क्यावर चालणारा पेट्रोलचा जुना पंप त्यांनी काढला, त्या भोकावर पत्र्याचं झाकण ठोकलं, आणि विजेवर चालणारा नवा पंप बसवला. बसवला तो इतका सुबक की जणू कोटाला खिसा लावलाय. आता प्रश्न राहिला एकच, त्याला वीज कुठून द्यायची. थेट बॅटरीला जोडला तर गाडी बंद केली तरी पंप आपला टिकटिकत राहणार आणि सकाळी बॅटरी मेलेली. म्हणून एखादी अशी तार शोधायची, जी किल्ली फिरवली की जिवंत होते आणि किल्ली काढली की मरते. त्या तारेनं रिलेला इशारा द्यायचा. रिले म्हणजे दारावरचा रखवालदार. आतून इशारा आला की तो दार उघडतो आणि बॅटरीची वीज पंपाकडे सोडतो. इशारा थांबला की दार बंद.

दाजींनी एक बल्ब घेतला, त्याला दोन तारा जोडल्या आणि बॉनेटमध्ये डोकं घालून सकाळभर एकेका तारेची नाडी बघितली. काही तारा कायम जिवंत, काही कायम मेलेल्या. शेवटी गिअरबॉक्सच्या अंगाला एक सापडली. किल्ली फिरवली, बल्ब लागला. काढली, विझला. पुन्हा फिरवली, पुन्हा लागला.

"सापडली!" दाजी असे काही ओरडले की गल्लीच्या तोंडाशी बसणारा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला आणि त्याच्यामागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक.

"काय सापडलं हो?"

"तार!"

"हात्तिच्या! मला वाटलं, साप."

मग दाजींनी पक्का टाका घातला. सगळ्या तारा एकाच रंगाच्या, काळ्या, कारण अस्तराला सतरा रंगांचे धागे शोभत नाहीत. त्यांच्यावर काळ्या कापडाची नळी चढवून आतल्या बाजूनं शिवली. बॉनेट उघडलं की वाटावं, इंजिनानं सूट घातलाय. गल्लीतली माणसं येऊन बघून गेली. दाजी प्रत्येकाला म्हणायचे, "बघा, एक टाका बाहेर दिसतोय का?"

हे सगळं चाललं होतं ते माझ्या भाचीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. तिला घरात सगळे बिट्टी म्हणतात. शहराच्या फिरत्या ग्रंथालयाला गाडी चालवून पुस्तकं वाटणारं माणूस हवं होतं आणि बिट्टीला त्यांनी निवडलंही होतं. अट एकच, महिनाअखेरपर्यंत चालवण्याचा परवाना हातात हवा. पोरीला लहानपणापासून दोनच गोष्टींचा नाद, पुस्तकं आणि स्टिअरिंग. आता दोन्ही एका जागी मिळणार म्हणून ती घरभर तरंगत होती. शिकवणीच्या मास्तरांची गाडी होतीच, पण दाजी म्हणाले, "आपली गाडी असताना परक्याची कशाला? परीक्षक साहेबांनाही कळू दे, इंजिन कसं असतं ते."

परीक्षेचं मैदान बाजाराच्या मागेच. दाजींनी गाडी नेली, रांगेत मागे घेऊन झकास लावली. बिट्टीची पाळी आली. मी आणि दाजी कुंपणापाशी उभे. आठाचा आकडा तिनं काढला तो असा की वहीत काढलेला वाटावा. पांढऱ्या रेषेवर थांबली. तिच्या आधीचा उमेदवार अजून चढावर घोळ घालत होता, म्हणून इंजिन चालू ठेवून थांबूनच राहिली. मग तिला चढावर सोडलं. अर्धा चढ गेली, गाडीला उचकी लागली, आणि मधोमध गाडी गप्प. तिनं चावी फिरवली. नुसतीच खरखर. पुन्हा फिरवली. परीक्षक साहेबांनी मान हलवली, "रिव्हर्स टाका, हळूच खाली घ्या." खाली येता येता इंजिन पुन्हा बोलायला लागलं. त्यानंतर गाडी मागे घेऊन लावायची परीक्षा होती, ती तिनं लोण्यातून सुरी फिरावी तशी दिली.

साहेब उतरले आणि म्हणाले, "मागे छान येता. पुढे जायला शिका."

कुंपणावरचे लोक हसले. बिट्टीचे कान लाल झाले. गाडीत बसल्यावर दाजी म्हणाले, "क्लच सोडायची घाई झाली तुझी. हलक्या पायानं सोडायचा असतो. एवढा सुधारलेला पंप, पण पायच जड पडला तर पंप बिचारा काय करणार?"

खरं सांगायचं तर दाजींना तेव्हा खरोखरच तसं वाटत होतं. तोपर्यंत सगळं माफ होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि बिट्टी बाजारात गेल्या होत्या. मी गल्लीतल्या कट्ट्यावर चहा घेऊन बसलो होतो. दाजींनी गाडी सुरू केली, गिअर मोकळा केला आणि बॉनेट उघडून कौतुकानं इंजिनाकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळानं इंजिनाला तीच उचकी लागली आणि ते बंद पडलं. दाजींनी इकडे तिकडे पाहिलं. किल्ली फिरवून पंपावर हात ठेवला. पंप मुका. पहिला गिअर टाकला. मुका. दुसरा, तिसरा, मुका. सवयीनं गाडी लावताना टाकतात तसा रिव्हर्स टाकला.

टिक टिक टिक टिक.

मी इतकी माणसं बघितलीत, पण कुणाच्या तोंडावरून रंग असा शिवण उसवल्यासारखा सरसर उतरताना बघितला नव्हता.

गोष्ट साधी होती. आमची गल्ली पुढून बंद, आणि तिचा उतार त्या बंद भिंतीकडे. दाजींच्या गाडीचा हँडब्रेक नावापुरता. म्हणून ते गाडी भिंतीकडे तोंड करून लावायचे आणि रिव्हर्स गिअरमध्ये ठेवायचे, घरंगळू नये म्हणून. तार शोधली तेव्हाही गाडी रिव्हर्समध्येच होती. सापडलेली ती तार मागच्या पांढऱ्या दिव्याची, जो रिव्हर्स टाकला की लागतो. किल्ली फिरवली की जिवंत, किल्ली काढली की मेलेली, हे खरंच. पण फक्त रिव्हर्समध्ये. म्हणजे गाडी मागे जाताना पोटभर जेवायची आणि पुढे जाताना उपास. कार्बोरेटरमध्ये लहानशी वाटी असते, तिच्यात साठलेल्या पेट्रोलवर बाजारापर्यंत जाऊन यायची. आणि रोज निघताना गल्लीतून मागेच यावं लागायचं, त्यामुळे वाटी भरलेली. मग दाजींना कळणार कसं?

"म्हणजे काल पोरीचा पाय..." मी म्हणालो.

"हळू बोला, बुवा."

"इथं आहे कोण?"

"न्हावी आहे. त्याचे कान त्याच्या कात्रीपेक्षा तेज आहेत." दाजी माझ्याशेजारी कट्ट्यावर बसले. पँटवर काळं लागलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. "तुम्ही कुणाला सांगू नका."

"दाजी, तिला तर सांगायलाच हवं."

"मी दुरुस्त करतो. पुन्हा परीक्षा देईल, पास होईल. विषय संपला. उगाच कशाला?" मग ते माझ्याकडे बघून जरासे हसले. "आणि तुम्ही सांगितलंत तरी कोण विश्वास ठेवणार? गोगलगाईनं वळून बघितलं म्हणणारे तुम्ही."

ताई यायच्या आत त्यांनी स्वतःच शिवलेली काळी नळी उसवली, रिलेची तार तिथून सोडवली आणि इंजिनाच्या कॉइलवर, योग्य जागी नेऊन जोडली. किल्ली फिरवताच टिकटिक, गिअर कुठलाही असो. नळी पुन्हा शिवली. एक टाका बाहेर दिसत नव्हता.

गाडी दुरुस्त झाली, पण पोर नाही झाली. दाजींनी विचारलं, "चल बिट्टी, सरावाला जाऊ." ती म्हणाली, "नको बाबा." दुसऱ्या दिवशी विचारलं, "नको बाबा." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं स्वतःच्या उजव्या-डाव्या पायाकडे असं बघितलं, जणू त्यातला एक कुणा दुसऱ्याचा आहे. "माझ्या पायातच खोट आहे, बाबा. पुस्तकांनी भरलेली गाडी आणि चढावर बंद पडली तर? मागे पोरं उभी असतील."

ती दुकानात येऊन बटणं लावायला लागली. बटणं अशी आवळून लावायची की गिऱ्हाइकं घरी जाऊन शर्ट डोक्यातून काढायची. एक जण तर म्हणे आठवडाभर त्याच शर्टात होता. दाजी शेजारच्या मशीनवर बसून सगळं बघायचे. मशीन चालू आणि खाली कापडच नाही, असं मी त्यांना दोनदा पकडलं.

मग एका संध्याकाळी ते तिच्यासाठी नवे बूट घेऊन आले. पातळ तळव्याचे, मऊ.

"क्लच नीट कळतो यांनी," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या पायात काही खोट नव्हती त्या पायाला हा माणूस औषध घेऊन आला होता! बिट्टीनं बूट घातले, चालून बघितलं आणि तिचे डोळे भरले. "तुम्ही रागावला नाहीत ना बाबा? मला वाटलं, सगळ्या गल्लीसमोर तुमची मान खाली गेली माझ्यामुळे." दाजी म्हणाले, "छे छे," आणि पाणी प्यायला आत गेले. ते एवढा वेळ पाणी पीत होते की बाहेर मला वाटलं, आता टाकी रिकामी होणार.

माझ्यानं राहवेना. दुसऱ्या दिवशी ती दुकानात एकटी असताना मी तिला सगळं सांगितलं. तार, बल्ब, रिव्हर्सचा दिवा, वाटी, सगळं. एका शब्दाची भर नाही, एका शब्दाची काटछाट नाही. अशी कोरडी गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती.

बिट्टी ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसत होती. हसता हसता सुई बोटात घुसली तरी थांबेना. "मामा! पुढे उपास आणि मागे जेवण! कुठून सुचतं तुला?"

"अगं, देवाशप्पथ."

"गोगलगाईच्या वेळीही देवाशप्पथच म्हणाला होतास." तिनं माझा हात धरला. "मला बरं वाटावं म्हणून रचलंस ना? बरं वाटलं. खरंच."

आयुष्यभर जे पेरलं तेच... असो. मी घरी आलो.

त्या रात्रीचं जेवण ताईकडे होतं. पानं वाढली आणि बिट्टी म्हणाली, "आई, मामानं नवीन गोष्ट केलीय, ऐक." आणि तिनं माझी गोष्ट माझ्याहून छान सांगितली. दाजी बल्ब घेऊन ओरडतात, न्हावी वस्तरा घेऊन धावतो, गाडी पुढे जायचं म्हटलं की रुसते. ताईला ठसका लागला. "अरे, निदान माझ्या नवऱ्याला तरी सोड तुझ्या गोष्टींतून!"

मी दाजींकडे बघितलं. मनात म्हटलं, बोला. आत्ता बोला. यापेक्षा सोपं पुन्हा कधी होणार नाही. नुसतं 'खरं आहे' एवढंच म्हणायचंय.

दाजी हसले.

मोठ्यानं हसले. मान मागे टाकून, डोळे मिटून. "शालक म्हणून सोडून देतो तुम्हाला," असंही म्हणाले. हसणं संपल्यावर त्यांनी घास उचलला आणि तो तसाच हातात धरून बसले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बिट्टी म्हणत होती, "उद्या सकाळी मी ग्रंथालयात जाऊन सांगून येते. त्यांना दुसरं कुणीतरी बघू दे. त्यांनी तरी किती थांबायचं?"

सकाळी मी चहाला गेलो तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. शेजारी उसवलेली काळी नळी.

"आता काय करताय?"

दाजी बाहेर आले. डोळे असे लाल, जणू त्यांत मिरची गेलीय. "तार होती तिथे परत लावली."

"होती तिथे म्हणजे, चुकीच्या जागी?"

"हो."

"अहो, सरळ सांगून का टाकत नाही?"

"काल हसलो ना मी." त्यांनी हात पुसले, पण चिंधीच काळी होती. "आता तोंडानं सांगितलं तर तिला वाटेल, तुमच्या गोष्टीत मीही सामील झालो. तिचं मन राखायला. बुवा, तुमच्या पंक्तीत येऊन बसलोय मी. तुम्ही निदान हसवता तरी."

बिट्टी नवे बूट घालून आली. दाजी म्हणाले, "चल, सोडतो तुला. तुम्हीही बसा मागे." गाडी गल्लीतून मागे आली, झोकात वळली आणि बाजारातून पुढे निघाली. ग्रंथालय पुलापलीकडे. पुलाच्या चढावर, जिथे आम्हाला गोगलगाय भेटली होती तिथून थोडी पुढे, उचकी लागली आणि गाडी मेली. मागे हॉर्नचा गोंगाट.

बिट्टीनं बापाच्या हातावर हात ठेवला आणि हळूच, अगदी प्रेमानं म्हणाली, "बाबा, क्लच सोडायची घाई झाली. होतं असं."

मागच्या सीटवर मला वाटलं, दार उघडून पुलावरून उडी मारावी. माझी ही अवस्था, तर दाजींची काय असेल?

"क्लचवर पाय नव्हताच माझा," ते म्हणाले. "ऐक." त्यांनी गिअर मोकळा करून किल्ली फिरवली. शांत. पहिला टाकला. शांत. रिव्हर्स टाकला. टिक टिक टिक टिक. पुन्हा मोकळा. शांत.

बिट्टीनं त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतः गिअर टाकून बघितला. रिव्हर्स, मोकळा, रिव्हर्स. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नये, असं वाटलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे हे बूट..."

"नंतर आणले."

"आणि काल जेवताना?"

दाजी आरसा सरळ करू लागले.

"तुम्ही हसलात, बाबा."

मागचा ट्रकवाला ओरडला, "ओ, संसार घरी जाऊन करा!" बिट्टीनं वाकून बूट काढले, एकावर एक ठेवून काचेपाशी मांडले, आणि म्हणाली, "उतरा."

"बिट्टी, मी घेतो मागे."

"उतरा. गाडी मी नेते. तुम्ही मागच्या बाजूनं चाला, लोकांना बाजूला करा. आणि कुणी विचारलं, काय झालं, तर सांगा."

ती अनवाणी पायांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मी जागचा हललो नाही, कारण मला कुणी उतर म्हटलं नव्हतं. दाजी गाडीच्या शेपटाशी उभे राहून हात हलवायला लागले. ट्रक सरकला, दोन गाड्या सरकल्या, आणि आम्ही पुलाच्या उतारावरून उलटे खाली निघालो. चाक रेषेवरून हलत नव्हतं. इंजिन गुरगुरत होतं, पोटभर जेवत होतं.

पुलाचा उतार संपतो तिथे पाववाला उभा. "काय झालं हो, शिंपीदादा?"

"काही नाही, पंपाचा जरा घोटाळा," दाजी म्हणाले.

गाडी थांबली. बिट्टीनं ब्रेकवर पाय ठेवला होता. आरशातून बापाकडे बघत होती. हॉर्न नाही, शब्द नाही. मागे पुन्हा रांग जमायला लागली.

दाजींनी घसा खाकरला. "मी तार चुकीची जोडली."

गाडी जागची हलेना.

"परीक्षेत ही नापास झाली ती माझ्यामुळे." गाडी तशीच. पाववाला एकदा गाडीकडे बघे, एकदा दाजींकडे. "आणि मला माहीत होतं. मी पोरीला सांगितलं नाही."

गाडी चालू लागली.

बाजारभर हेच. कुणी विचारलं की दाजींनी आधी शब्द जरा मऊ करून बघायचे, आणि गाडीनं थांबायचं. वाण्याच्या दुकानासमोर त्यांनी 'तार' पासून सुरुवात केली, 'माहीत होतं' वर आले, तेव्हा कुठे चाक हललं. न्हाव्यापाशी येईपर्यंत त्यांना सगळं पाठ झालं होतं. न्हाव्यानं विचारायच्याही आधी ते बोलून मोकळे झाले. न्हावी वस्तरा हातात धरून नुसता उभा राहिला. एरवी त्या माणसानं एका शब्दाला दहा जोडले असते. त्या दिवशी तो खाली बघून "असं का," एवढंच म्हणाला आणि आत गेला. दाजींना तेच सगळ्यात जास्त लागलं असावं. त्यांनी कोणी टोमणा मारावा म्हणून वाट बघितली, आणि कोणी मारला नाही.

बिट्टीनं गाडी गल्लीत घेतली. किल्ली दाजींच्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली. जुन्या चपला घालून निघाली.

"कुठे चाललीस?" ताईनं दारातून विचारलं.

"ग्रंथालयात. सांगून येते, महिनाअखेरीच्या आत परवाना आणते म्हणून. मास्तरांच्या गाडीतून परीक्षा देणार आहे." दोन पावलं जाऊन ती वळली. "बाबा, तुम्ही मैदानावर येऊ नका."

"बरं," दाजी म्हणाले.

ते गेले नाहीत. मी गेलो. चढावर मास्तरांची गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. तिनं ती अशी उचलली की परीक्षक साहेबांच्या खिशातलं पेनही हललं नाही. इतकं तरी मला फुगवून सांगू द्या. परवाना मिळाला, नोकरी मिळाली. आता तिची पुस्तकांची गाडी आठवड्यातून एकदा गल्लीच्या तोंडाशी थांबते, आणि दाजी रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभे राहतात. यंत्रांची पुस्तकं मागत नाहीत. ती देईल ते घेतात. गाडीची तार त्यांनी योग्य जागी जोडली आणि नळी तशीच उसवलेली ठेवली.

तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलेलं नाही. जेवायला वाढते, दुखलंखुपलं बघते, दुकानात हातभार लावते. फक्त एक झालंय. परवा पुस्तकांची गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून ती जेवायला आली होती, आम्ही सगळे जेवत होतो. दाजी खिडकीकडे बघून म्हणाले, "बाहेर आभाळ भरून आलंय, बिट्टी, गाडीचं पाठीमागचं दार नीट लाव." साधी गोष्ट. बिट्टीनं घास तसाच ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मामा, खरंच आलंय?"

मला, मला विचारत होती ती! ज्या माणसानं जन्मात आभाळाचा रंग कधी खरा सांगितला नाही, त्याला. मी उठून खिडकीपर्यंत गेलो, नीट बघितलं, आणि म्हणालो, "हो गं. आलंय."

तेव्हा ती दार लावायला उठली. दाजी पानावरून मान वर करत नव्हते, आणि त्यांच्याकडे बघायची माझीही हिंमत होत नव्हती.